मेपलचा रस गोळा करायला कोणतं भांडं वापरतात? रील्समध्ये दिसणारी जुनी बादली धोक्याची का ठरू शकते?

फेब्रुवारी संपत आला की कॅनडा आणि अमेरिकेच्या ईशान्य भागातून एकाच धाटणीचे रील्स येऊ लागतात. आजूबाजूला बर्फ, उघडीबोडकी झाडं आणि प्रत्येक झाडाच्या खोडाला टांगलेली एक बादली. वर छोटंसं झाकण, आत टप टप पडणारा पाण्यासारखा रस. हाच रस आटवून मेपल सिरप बनतं. कॅनडाच्या झेंड्यावर ज्या झाडाचं पान आहे, तेच हे झाड.

रील बघून अनेकांना वाटतं, हे तर सोपं आहे. झाडाला छिद्र पाडायचं आणि खाली हाताला लागेल ते भांडं लावायचं. पण इथेच चूक होते. रस चांगला असूनही भांडं चुकलं, तर सिरप बेचव होऊ शकतं. आणि भांडं फारच चुकीचं असेल, तर त्या सिरपमधून शिसं पोटात जाऊ शकतं.

मग भांडं निवडायचं कसं? त्यात काय बघायचं आणि काय टाळायचं? समजून घेऊ.

आधी हे समजून घ्या: ४० लिटरचं १ लिटर

मेपलच्या ताज्या रसात साखर साधारण २ टक्केच असते. बाकी जवळपास सगळं पाणीच. उसाच्या रसापुढे हा रस अगदी पाणचट लागतो. शुगर मेपल नावाच्या जातीत साखर इतर मेपलपेक्षा थोडी जास्त असते, म्हणून तिला सगळ्यात जास्त मागणी.

या रसापासून १ लिटर सिरप हवं असेल, तर साधारण ४० लिटर रस आटवावा लागतो. म्हणजे ३९ लिटर पाण्याची वाफ करायची. हे काम जिथे चालतं त्याला तिकडे शुगरहाउस म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर मेपलचं गुऱ्हाळच.

भांड्याचा सगळा हिशोब या ४० च्या आकड्यावर अवलंबून आहे. उकळताना उडून जातं ते मुख्यतः पाणी. भांड्यातून रसात उतरलेलं शिसं वाफेबरोबर जात नाही. लोणच्याच्या जुन्या डब्याचा वास किंवा साबणाचा अंशही सगळा निघून जाईल, याची खात्री नसते. रस जसजसा आटतो, तसतशा या गोष्टीही दाट होत जातात. कच्च्या रसात जो दोष जिभेला कळतही नाही, तो सिरपमध्ये उठून दिसतो.

रस दिसतो पाण्यासारखा, पण नासतो दुधासारखा

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा रस नाशवंत आहे. झाडाच्या आत असताना त्यात सूक्ष्मजीव फारसे नसतात. पण तोटीतून बाहेर पडून भांड्यात आला की त्यांची वाढ सुरू होते. साखर आणि पाणी दोन्ही आयतं मिळतं, फक्त थोडी ऊब हवी.

हंगामाच्या सुरुवातीला थंडी असते, तेव्हा वाढ हळू होते. ऊन वाढलं की वेग वाढतो. मग रस आधी गढूळ, पिवळसर दिसू लागतो. अशा रसाचं सिरप जास्त काळपट आणि उग्र होतं. रस फारच बिघडला तर त्याला तार सुटते आणि तो फेकावाच लागतो.

म्हणूनच मेपलच्या रसाला दुधासारखं वागवा, असा सल्ला तिकडे दिला जातो. दूध ज्या भांड्यात निःशंकपणे ठेवता येईल, तेच भांडं रसाला चालतं.

रस नेमका कधी येतो?

रात्री तापमान शून्याच्या खाली आणि दिवसा शून्याच्या वर, असा खेळ सुरू झाला की मेपलमधून रस वाहतो. रात्री गोठताना झाड पाणी ओढून घेतं. दिवसा बर्फ वितळला की खोडात दाब तयार होतो आणि छिद्र मिळेल तिथून रस बाहेर येतो. हा हंगाम जागेनुसार फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान, साधारण ४ ते ६ आठवडे चालतो. कळ्या फुगायला लागल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो.

छिद्र पाडण्यासाठी झाडाचं खोड छातीच्या उंचीवर किमान २५ ते ३० सेंटीमीटर जाड असावं लागतं. छिद्र साधारण ८ ते ११ मिलिमीटर रुंद आणि ४ ते ५ सेंटीमीटर खोल असतं. त्यात एक तोटी ठोकतात. भांडं एकतर या तोटीला टांगतात किंवा तोटीला नळी जोडून जमिनीवर ठेवतात.

भांडं किती मोठं हवं?

एका छिद्रातून रोज किती रस येईल, हे हवामानावर ठरतं. काही दिवस थेंबही येत नाही. बऱ्या दिवशी ३ ते ४ लिटर येतो. जोमाच्या दिवशी तोच आकडा १० लिटरच्या आसपास जाऊ शकतो.

त्यामुळे टांगायच्या बादल्या साधारण ९ ते १५ लिटरच्या असतात. त्याहून लहान भांडं घेतलं तर चांगल्या दिवशी ते भरून वाहतं आणि नेमका सगळ्यात जास्त रस वाया जातो. फार मोठंही सोयीचं नाही. १५ लिटर रस म्हणजे सुमारे १५ किलो वजन. एवढा भार तोटीवर येतो. शिवाय भरलेली बादली उतरवून गुडघाभर बर्फातून चालत न्यायची असते.

मोठं भांडं घेण्यात आणखी एक तोटा आहे. ते लवकर भरत नाही, म्हणून रोज रिकामं करायचा कंटाळा केला जातो. रस दोन-तीन दिवस तसाच पडून राहतो आणि ऊन पडलं की बिघडतो. भांडं कितीही मोठं असलं, तरी रस वाहत असेल त्या दिवशी तो गोळा करणं हाच नियम.

सालीची भांडी ते धातूची बादली

मेपलपासून साखर करण्याची कला युरोपीय लोक अमेरिकेत येण्याच्या आधीपासून तिथल्या मूळ रहिवाशांना ठाऊक होती. महासरोवरांच्या परिसरातले अनिशिनाबे लोक बर्च झाडाच्या सालीची भांडी बनवत. साल न फाडता तिला घड्या घालायच्या, झाडांच्या मुळांनी किंवा तंतूंनी शिवायचं आणि सांध्यांना झाडाची राळ लावायची, की भांडं गळत नसे. आपल्याकडे ज्या भूर्जपत्रावर पोथ्या लिहिल्या गेल्या, ते भूर्ज याच बर्चच्या कुळातलं झाड. लाकडाचे ओंडके कोरून केलेली डोणीसारखी भांडीही वापरात होती.

नंतर आलेल्या वसाहतवाल्यांनी पिंपासारख्या, लाकडी फळ्या जोडून केलेल्या बादल्या आणल्या. त्यातली एक फळी इतरांपेक्षा लांब असे. तिला भोक पाडून बादली झाडाला टांगत. या बादल्या वर्षभर कोरड्या राहिल्या की फळ्या आक्रसत आणि हंगामाच्या सुरुवातीला गळत. आधी पाणी पाजून त्या फुगवून घ्याव्या लागत. लाकडाच्या छिद्रांत शिरलेले सूक्ष्मजीव धुऊनही पूर्ण निघत नसत.

त्यामुळे १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात धातूच्या बादल्या आल्या, तेव्हा त्या सोयीच्या वाटल्या. हलक्या, न गळणाऱ्या, एकात एक बसणाऱ्या. आज रील्समध्ये दिसतात त्या याच बादल्यांच्या वंशातल्या. आणि खरा प्रश्न इथेच आहे.

जुन्या बादलीत शिसं कुठून आलं?

जुन्या काळी लोखंडी पत्रा गंजू नये म्हणून त्याच्यावर मुलामा दिला जाई. काही बादल्यांच्या पत्र्यावर कथील आणि शिशाच्या मिश्रणाचा थर असे. असा पत्रा मळकट राखाडी दिसतो आणि थर झिजला की गंजतो. काही बादल्यांवर जस्ताचा थर असे. जस्ताच्या पत्र्यावर बर्फाच्या फुलांसारखी नक्षी दिसते. जस्त शिशाइतकं घातक नाही. पण या बादल्यांचे सांधे जोडताना जो डाग दिला जाई, त्यात शिसं असे. अशा डागाच्या बादल्या १९९० च्या दशकापर्यंत बाजारात होत्या.

मेपलचा ताजा रस फारसा आम्ल नसतो. पण तो बादलीत जितका जास्त वेळ राहतो आणि जितका आंबतो, तितकं जास्त शिसं त्यात उतरतं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, म्हणून आपल्याकडे भांड्यांना कल्हई करतात. तत्त्व तेच. फरक इतकाच, की ताक कळकलं तर चवीवरून समजतं. रसात उतरलेलं शिसं ना दिसत, ना त्याची चव लागत.

त्यात पुन्हा ४० पट आटवणं आलंच. आटताना सिरपच्या तळाशी खनिजांचा वाळूसारखा गाळ जमतो. त्यात थोडं शिसं गाळून निघतं, पण सगळं नाही.

शिशाची शरीरातली कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सगळ्यात जास्त धोका लहान मुलांना असतो, कारण त्यांच्या वाढत्या मेंदूवर आणि मज्जासंस्थेवर त्याचा परिणाम होतो. आणि सकाळच्या पॅनकेकवर सिरप ओतून घेणारी बहुतेक मुलंच असतात.

म्हणून आजी-आजोबांच्या कोठारात सापडलेली किंवा जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेली बादली फोटोसाठी ठीक आहे. तिच्यात फुलझाड लावता येईल. रसासाठी मात्र ती नको. मुलामा खरवडून काढणं किंवा तारेच्या ब्रशने घासणं हा उपाय नाही. त्याने शिशाचे कण आणखी सुटे होतात. रंगवणं हाही उपाय नाही.

मग आज कोणते पर्याय आहेत?

१. ॲल्युमिनियमची बादली: हलकी, न गंजणारी आणि पारंपरिक दिसणारी. झाकणासकट मिळते. रोज रिकामी केली तर ती चांगली चालते. ब्लीचमुळे मात्र तिचा पत्रा खराब होतो, म्हणून ती धुताना काळजी घ्यावी लागते.

२. स्टेनलेस स्टीलची बादली: सगळ्यात टिकाऊ आणि स्वच्छ करायला सोपी. महाग असल्यामुळे टांगायला कमी वापरतात. पण रस साठवायच्या मोठ्या टाकीसाठी स्टीलला पहिली पसंती असते. अनेक जण दुधाच्या डेअरीतल्या जुन्या स्टीलच्या टाक्या घेतात.

३. खाद्यपदार्थांसाठीची प्लॅस्टिकची बादली: झाकण असलेली, १९ लिटरच्या आसपासची पांढरी बादली घरगुती वापरात खूप दिसते. झाकणाला भोक पाडून त्यातून नळी आत सोडतात आणि बादली जमिनीवर ठेवतात. तोटीवर भार येत नाही, पाऊस आत जात नाही. फक्त ती सपाट जागी आणि आधार देऊन ठेवावी. खालचा बर्फ वितळला की बादली कलंडते आणि दिवसभराचा रस जमिनीत जातो.

४. प्लॅस्टिकची पिशवी: धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकवायची खास पिशवी मिळते. हंगाम संपला की टाकून द्यायची, म्हणजे धुण्याची कटकट नाही. जागा कमी लागते आणि किती रस जमला ते बाहेरून दिसतं. पण खारी पिशवी कुरतडतात आणि दरवर्षी प्लॅस्टिकचा कचरा होतो.

५. पाण्याचे किंवा दुधाचे कॅन: एक-दोन झाडांसाठी सगळ्यात स्वस्त. पिण्याच्या पाण्याचा कॅन उत्तम. दुधाच्या कॅनमध्ये स्निग्धांश चिकटून राहतो आणि अरुंद तोंडामुळे आत हात घालून घासता येत नाही. शिवाय ३ ते ४ लिटरचा कॅन चांगल्या दिवशी दुपारपर्यंतच भरतो.

६. नळ्यांचं जाळं: मोठे उत्पादक आता बादल्या वापरतच नाहीत. जगातलं बहुतांश मेपल सिरप कॅनडात, त्यातही क्युबेक प्रांतात तयार होतं. तिथल्या जंगलांत झाडाझाडांना प्लॅस्टिकच्या नळ्या जोडलेल्या असतात आणि पंपाच्या ओढीने रस थेट टाकीत येतो. हजारो झाडं असतील तर हे परवडतं. घरामागच्या चार झाडांना बादलीच बरी.

प्लॅस्टिक निवडताना बहुतेक जण इथे चुकतात

प्लॅस्टिकच्या भांड्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. ‘२’ आकडा बघितला की भांडं चालेल, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. हा आकडा प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. दुधाचा कॅन आणि कपडे धुण्याच्या द्रावणाची बाटली, दोन्हींवर ‘२’ असू शकतो. भांडं खाद्यपदार्थांसाठी बनलंय का, हे वेगळं तपासावं लागतं. पेला आणि काट्याचं चिन्ह असेल किंवा उत्पादकाने तसं स्पष्ट लिहिलं असेल, तरच ते घ्यावं.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की या भांड्यात आधी काय होतं?

- रंग, खत, कीटकनाशक, डिटर्जंट, तेल यांपैकी काहीही असेल तर ते भांडं बाद. कितीही धुतलं तरी प्लॅस्टिकमध्ये मुरलेला अंश निघेल याची खात्री नाही.
- लोणच्याची बादली खाद्यपदार्थांचीच असते, पण तिचा वास जात नाही. तो सिरपमध्ये उतरतो.
- बेकरीत क्रीम किंवा आयसिंग ज्या बादल्यांत येतं, त्या नीट धुतल्या तर चालतात.
- कचऱ्याच्या पिशव्या आणि कचऱ्याचे नवे डबेही नकोत. ते खाद्यपदार्थ ठेवण्यासाठी बनवलेले नसतात.

तांब्या-पितळेची भांडीही टाळावीत.

झाकण, तोंड आणि रंग

झाकण ही शोभेची गोष्ट नाही. पावसाचं पाणी रसात गेलं की तितकं जास्त पाणी आटवावं लागतं, म्हणजे जास्त लाकूड किंवा गॅस. शिवाय सालीचे तुकडे, पतंग आणि किडे रसाच्या गोडीने आत पडतात.

भांड्याचं तोंड रुंद असावं. रात्री रस गोठला की वर बर्फाची चकती तयार होते. वर पसरट, खाली निमुळत्या बादलीतून ती सहज निघते. अरुंद कॅनमधून निघत नाही. या बर्फात बहुतांश पाणीच असतं, साखर मागच्या रसात राहते. म्हणून अनेक जण बर्फ काढून टाकतात आणि आटवण्याचं काम कमी करतात. थोडी साखर बर्फाबरोबर जाते खरी.

गडद रंगाचं भांडं उन्हात लवकर तापतं, त्यामुळे पांढरं किंवा फिकट रंगाचं बरं.

धुवायचं कसं?

हंगामाच्या आधी आणि नंतर भांडी गरम पाण्याने आणि स्वच्छ ब्रशने घासतात. प्लॅस्टिकसाठी एक भाग बिनवासाचं घरगुती ब्लीच आणि २० भाग पाणी असं द्रावण वापरलं जातं. त्यानंतर किमान तीनदा गरम पाण्याने विसळून भांडं उन्हात पालथं घालून कोरडं करतात. सुगंधी साबण टाळतात, कारण त्याचा वास मागे राहतो. तोटीही तितकीच स्वच्छ लागते. मळकी तोटी छिद्रात बसवली की तिथे सूक्ष्मजीव वाढतात आणि झाड ते छिद्र लवकर बंद करू लागतं. रस आटतो तो असा.

गोळा केलेला रस ४ अंश सेल्सियसच्या खाली, सावलीत, शक्यतो बर्फात पुरलेल्या टाकीत ठेवतात. तो जितक्या लवकर उकळाल तितकं चांगलं. कडक थंडीतही आठवड्यापेक्षा जास्त ठेवू नये.

आपल्याकडची नीरा आणि मडकं

महाराष्ट्रात मेपल नाही, पण झाडाच्या रसाचा आणि भांड्याचा हा प्रश्न कोकणाला आणि पालघरला नवा नाही. ताड, माड आणि शिंदीपासून मिळणारी नीरा मडक्यात गोळा होते. नीरेत मेपलच्या रसापेक्षा कितीतरी जास्त, १० टक्क्यांहून अधिक साखर असते आणि हवा उबदार. त्यामुळे काही तासांतच ती आंबून ताडी व्हायला लागते. म्हणून मडक्याला आतून चुना लावायची पद्धत आहे. नीरा भल्या सकाळी प्यायची, तीही याच कारणाने.

केरळमधल्या कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्थेने नारळाच्या नीरेसाठी बर्फ भरलेली पेटी तयार केली. रस थेट थंडाव्यात पडतो, त्यामुळे चुन्याची गरज राहत नाही. मेपलवाल्यांना जी थंडी निसर्गाकडून फुकट मिळते, ती इथे भांड्यातच बसवावी लागली.

थोडक्यात: भांडं घेण्याआधी हे ५ प्रश्न विचारा

- हे खाद्यपदार्थांसाठीच बनवलेलं आहे का?
- यात आधी काय ठेवलं होतं?
- धातूचं असेल तर किती जुनं आहे आणि सांध्यांना डाग दिलाय का?
- झाकण घट्ट बसतं का आणि आत हात घालून घासता येतं का?
- भरल्यावर ते रोज उचलून नेता येईल का?

टोरंटो, बॉस्टन किंवा न्यू जर्सीत घरामागे मेपल असलेल्या मराठी कुटुंबांनाही हेच प्रश्न लागू पडतात. जुन्या बादलीबद्दल शंका असेल, तर शिसं तपासायचे किट तिथल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळतात. पण किटने ‘नाही’ सांगितलं तरी सांध्यांची खात्री नसेल, तर साधी नवी प्लॅस्टिकची बादली घेणं जास्त सुरक्षित. एका छिद्रातून अख्ख्या हंगामात साधारण ४० लिटर रस, म्हणजे जेमतेम लिटरभर सिरप मिळतं. तेवढ्यासाठी शिशाचा धोका घेण्यात काहीच शहाणपणा नाही.